पौषात घरी राहिलेली वाडी

राहाता

आमच्या घरात प्रवासाला गेलेल्या माणसाने परत येऊन सगळं साग्रसंगीत सांगायचं, अशी पद्धत आहे. जाऊबाई काशीला जाऊन आल्या तेव्हा आठवडाभर आम्ही जेवताना गंगेचा घाट ऐकत होतो. मी गेले ती जिल्ह्याच्या बाहेरसुद्धा नाही. राहात्याहून नगर, नगरहून पाथर्डी आणि तिथून पुढे एका वाडीवर. जिल्ह्याचं नाव बदलून अहिल्यानगर झालं तरी आमच्या तोंडात अजून नगरच बसलंय. एसटीला बायकांना तिकीटही अर्धंच लागतं. तरीही आल्यापासून मी जे बघून आले ते कुणाला सांगू आणि कुणाला नको, असं मला झालंय, म्हणून लिहायला बसले.

आमची पेरूची बाग आहे आणि बागेच्या पलीकडे ऊस. दिवाळी झाली की पाथर्डीकडून ऊसतोडीची माणसं येतात आणि आमच्या विहिरीशेजारच्या मोकळ्या तुकड्यात कोप्या उभ्या करतात. कोपी म्हणजे बांबू वाकवून त्यावर चटया आणि पाचट टाकून केलेलं खोपट. वाकूनच आत जायचं. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता. टोळी आणणाऱ्या मुकादमाच्या बोलण्यात माणसं नसतातच, 'माझे एवढे कोयते' असं तो म्हणतो. दसऱ्याच्या आधी तो जोडीला उचल देतो, म्हणजे आगाऊ रक्कम, आणि मग होळी उलटेपर्यंत ती जोडी ऊस तोडून ती फेडते.

अलका आणि भानुदास यांची कोपी वर्षानुवर्षं आमच्या विहिरीला लागून असायची. अलका बडबडी. मोळी डोक्यावर असतानाही तिचं तोंड चालू असे. ती माझ्याकडे ताक न्यायला यायची, बागेत वाकून पेरू बघायची, आणि दरवेळी म्हणायची, "काकी, आमच्या दारात बोर हाय. लगीन झालं तवा मीच लावली. एकदा या बोरं खायला." मी हो म्हणायचे. बोरं येतात पौषात, आणि पौषात ती माझ्यासमोर उभी असायची, हे तेव्हा माझ्या ध्यानातही आलं नाही.

यंदा विहिरीशेजारचा तुकडा मोकळाच राहिला. मी फोन लावला. अलका म्हणाली, "आमी यंदा न्हाई आलो. घरीच हाय. आता तुमीच या, काकी. भोगीला या."

आमचे हे म्हणाले, "पाथर्डीला? तिथं बघण्यासारखं काय आहे?" तेवढ्यावरून मी जायचं नक्की केलं.

करंजीचा घाट आणि पेरूंचं काय झालं

अलकाला आवडतात म्हणून मी पिशवीभर पेरू घेतले होते. नगरपर्यंत ते सुखरूप होते. पाथर्डीची एसटी करंजीचा घाट चढली आणि मला वाटलं आपण दुसऱ्याच मुलखात आलो. आमच्याकडे पाटाचं पाणी. बाराही महिने डोळ्यांपुढे हिरवं काहीतरी असतंच. इथे डोंगर तांबूस, उघडे, आणि त्यांच्यामध्ये आभाळ एवढं मोठं की आमच्याकडे ते उसाआड लपलेलं असतं हे मला पहिल्यांदाच कळलं. मध्येच एखाद्या खोलगट रानात ज्वारी उभी होती. कणसं नुकतीच भरत आलेली. कोरड्या रानातली ती ज्वारी मागे पडेपर्यंत मी मान वळवून बघत राहिले. पाण्याजवळ जन्म काढलेल्या बाईला असं होतं.

पाथर्डीहून काळीपिवळी जीप. ती भरल्याशिवाय निघत नाही, आणि भरली म्हणजे काय याची त्यांची कल्पना आमच्यापेक्षा फार उदार आहे. माझ्या शेजारी एक भारदस्त मामा बसले. ते जिथे बसले तिथे माझी पिशवी होती. "काय मऊ मऊ लागतंय?" असं त्यांनी विचारलं तेव्हा गाडी बरीच पुढे गेली होती. मामांना फार वाईट वाटलं. त्यांनी उतरताना मला शेंगदाण्याची पुडी दिली आणि धोतराची मागची बाजू झटकत निघून गेले.

वाडीवर

अलका फाट्यावर उभी होती. मी तिला ओळखलं नाही. उसाच्या फडावर ती कायम डोक्याला फडकं बांधलेली, अंगात नवऱ्याचा जुना शर्ट, हातांना उसाच्या पात्यांचे ओरखडे. इथे जांभळं पातळ नेसलेली, केस विंचरलेले, आणि कोपराशी पिठाचा पांढरा पट्टा. ती हसली तेव्हा ओळख पटली. फुटलेले पेरू बघून म्हणाली, "असू द्या, शेळीला चालत्याल."

वाडी एका बरड टेकाडाला टेकलेली. निम्म्या घरांना कुलपं होती आणि निम्म्या घरांपुढे ताजं सारवण. चालता चालता अलका मला एकेक घर दाखवत होती आणि घरांची ओळख करून द्यायची तिची रीत मला नवीच होती. हिने पत्रे बदलले. तिने शेळ्या घेतल्या. पलीकडचीने मुलीला नर्सिंगला घातली. हे सगळं झालं ते एका संस्थेने वाडीतल्या घराघरातल्या बाईच्या खात्यावर थेट पैसे टाकले म्हणून. त्याची गोष्ट पुढे येईल.

अलकाचं घर दोन खोल्यांचं. दारात ती बोर. मी एवढी लगडलेली बोर क्वचितच पाहिली असेल. फांद्या जमिनीला टेकत होत्या, फळं पिवळी, काही तांबूस. मी एक उचलून तोंडात टाकलं आणि अलकाला म्हटलं, "घे की."

"मी न्हाई खाल्लं अजून."

"अगं, तुझंच झाड."

"आमी परत येतो तवा पाडवा आलेला असतो, काकी. झाडाखाली निसत्या आठळ्या असत्यात. वाडीतली लेकरं खात्यात, पाखरं खात्यात. मी माझ्या झाडाचं बोर कदी चाखलंच न्हाई." मग तिने ओसरीकडे मान वळवली. तिथे भिंतीला कोपीचं सामान उभं होतं. चटयांची वळकटी, बांबू, सगळं सुतळीने करकचून बांधलेलं. "ते बांधलेलं हाय तवर खायाचं न्हाई, असं ठरिवलंय. आता खाल्लं आन् उद्या फडावर जावं लागलं, तर जिवाला लई लागंल."

म्हणजे अजून ठरलेलं नव्हतं. मी समजून आले होते की ही माणसं सुटली.

घराच्या अंगाला एक नवी खोली होती आणि तिच्यात पिठाची गिरण. अलकाने आपल्या वाट्याचे सगळे पैसे त्या गिरणीत घातले होते. भानुदास तिथे उभा होता. तो मुळात कमी बोलणारा. "या काकी," म्हणाला आणि गिरण चालू करून दाखवली. दार उगवतीला. दारातून वारा सरळ आत घुसत होता. पिठाच्या फडक्याच्या तोंडातून पीठ डब्यात पडायच्या आधीच उधळत होतं. माझ्या चष्म्यावर, केसांवर, पदरावर पीठ. मी बाहेर आले तेव्हा अलकाची मुलगी कविता मला बघून तोंड दाबून हसत आत पळाली.

"आज वारा लई हाय," भानुदास म्हणाला. "उद्या पडंल."

चुलीपाशी

संध्याकाळी अलकाने ज्वारीच्या भाकरी आणि हुलग्याच्या पिठाचं पातळ, ऊन माडगं केलं. आमच्याकडे हुलगे आता बैलालाही घालत नाहीत, कारण बैलच राहिले नाहीत. मी तीनदा माडगं मागून घेतलं. ते पोटात गेलं की थंडी बाहेरच थांबते.

खाता खाता पैशांची गोष्ट निघाली. मागच्या उन्हाळ्याच्या तोंडाला संस्थेची तरुण पोरं-पोरी वाडीवर आली. म्हणाली, तुमच्या खात्यात पैसे येतील. परत द्यायचे नाहीत. कशाला वापरायचे ते तुम्हीच ठरवा, आम्ही हिशोब मागणार नाही.

"कुनाचा इस्वास बसंल?" अलका म्हणाली. "वाडीतले तात्या म्हनले, हे किडनी काढून न्हेनारे हायेत. शेजारनीनं चार दिस पोरांना भाईर सोडलं न्हाई. मग पैसं आले. ह्यांनी मला घेऊन बँकेत दोनदा चकरा मारल्या. कशापायी? तर पैसं हायेत का गेले ते बघाया."

भानुदास खाली मान घालून हसला.

"आन् मग त्या पोरीनं मला इचारलं, ताई, तुमाला काय करायचंय? काकी, मला सांगता येईना. मला वाटलं हिला काय सांगावं? मला तर कुनी कदी इचारलंच न्हवतं. लगीन ठरवताना न्हाई, उचल घेताना न्हाई. दोन दिस मी भांडी घासताना इचार करत हुते की मला काय करायचंय."

 मी माझ्या मनाशी तोच प्रश्न विचारून पाहिला आणि मलाही पटकन उत्तर सुचलं नाही. पण मला कधी बाहेर राहून ऊस तोडावा लागला नव्हता.

"दोन दिसांनी तिला म्हनले, मला घरी ऱ्हायचंय. ती म्हनली, मंग घरी राहून काय करनार? म्हनलं, गिरण घालनार."

गिरणीमागे तिचा अंदाज असा होता: सगळ्या वाडीलाच पैसे मिळालेत, सगळे घरी राहतील, म्हणजे दळण भरपूर. पण काहींनी आधीच उचल घेऊन ठेवली होती. काहींना घरी राहण्याची भीतीच वाटली. निम्मी वाडी गेली. आजूबाजूच्या वस्त्यांवरच्या बायका सुरुवातीला आल्या आणि मग येईनाशा झाल्या. त्या पुन्हा लांबच्या मोठ्या गावी दळायला जायला लागल्या. गिरणीचं वीजबिल मात्र येत राहिलं.

आणि आता मुकादमाचा फोन आला होता. त्याच्या टोळीतली एक जोडी फड सोडून गेली होती. त्याला मधूनच एक कोयता हवा होता, उचल तो चांगली देणार होता आणि संक्रांतीला उत्तर घ्यायला स्वतः येणार होता.

"तुमीच सांगा काकी," भानुदास म्हणाला. त्याच्या मानाने ते भाषणच होतं. "गिरण चालंना. घरी बसून दिस कसं काढायचं? पोरीची शाळा तर चाललीच पायजे. दोन म्हयने तोडून आलो तर गिरण तरी टिकंल."

अलकाने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. कविता माझ्या शेजारी बसली होती. ती हळूच मला म्हणाली, "आजी, आमच्या शाळेत जानेवारीत संमेलन असतं. मला म्हाईतच न्हवतं, आमी फडावर असायचो. मी नाचात हाय." मग ती आईकडे बघून गप्प झाली. मला त्या पोरीकडे बघवेना.

भोगी

सकाळी मी उठले ती माणसांच्या आवाजाने. वाऱ्याने पत्रा वाजत होता. बाहेर येऊन बघते तर गिरणीपुढे बायकाच बायका. डोक्यावर, कडेवर बाजरीचे डबे. आजूबाजूच्या वस्त्यांवरून आलेल्या, तोडीला न जाणाऱ्या घरातल्या. भोगीला बाजरीची तीळ लावलेली भाकरी घराघरात लागतेच, आणि मोठ्या गावच्या गिरणीवर रात्रीपासून डब्यांची रांग लागलेली होती. आमच्याकडेही भोगीच्या तोंडावर गिरणीत पाय ठेवायला जागा नसते. मी अलकाला म्हटलं, "काल संध्याकाळी तयारी का नाही ठेवलीस? आज गर्दी होणार हे ठरलेलंच असतं."

ती गोंधळून माझ्याकडे बघायला लागली. "मला काय म्हाईत? भोगी आमची फडावरच व्हती. असंल ते पीठ, असंल ती भाकर."

लाईट आली. भानुदासने गिरण चालू केली. पहिलाच डबा ओतला आणि वाऱ्याचा झोत आला. बाजरीचं पीठ करड्या धुरासारखं दारातून, खिडकीतून, सगळ्या बायकांवर. एक ठसठशीत बाई, जिचा डबा होता, ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "हे पायलं का? मागच्या टायमालाबी असंच. दोन पायल्या आनायच्या आन् दीड पायली घरी न्ह्यायची. राह्यलेली तुमच्या बोरीच्या झाडाला." दुसरीने डबा परत डोक्यावर घेतला. तिसरी तिच्यामागे निघाली.

भानुदास खाली बघत म्हणाला, "वारा सुटलाय. जरा थांबा. पडंल आता."

तेव्हा तात्या बोलले. किडनीवाले तात्या. वाडीतले सगळ्यात म्हातारे, भिंतीच्या उन्हात कांबळं पांघरून बसलेले. वाडी रिकामी झाली तरी ते दरवर्षी इथेच असत, कारण त्यांच्याने फडावर जाणं होत नाही.

"पडायचा न्हाई," तात्या म्हणाले. "हा पौषातला वारा. उगवतीचा. होळीपतूर असाच येतो."

भानुदास वळला. "होळीपतूर?"

"मंग? आजच येतोय व्हय? मी जलमापसनं बघतोय."

"तात्या, तुमी खोली बांधताना हितंच बसला हुता. सांगितलं न्हाई का मंग?"

"मला कुनी इचारलं?" तात्या म्हणाले आणि कांबळं नीट ओढून घेतलं.

 काय झालं होतं ते मला हळूहळू कळलं. भानुदासने ही खोली बांधली ती उन्हाळ्यात. त्याने पावसाळी वाऱ्याचा विचार केला, कारण पावसाळा त्याला ठाऊक होता. म्हणून मावळतीची बाजू बंद, दार उगवतीला. आपल्या घरावर पौषात वारा कुठून येतो, हे या माणसाला माहीत नव्हतं. माझ्या विहिरीवर वारा कुठून येतो ते त्याला ठाऊक होतं. तिथे दरसाल त्याची कोपी बरोबर वाऱ्याकडे पाठ करून असायची. स्वतःच्या दारात मात्र तो महिनाभर रोज म्हणत होता, उद्या पडेल. गिरण चालत नाही ती माणसं गेली म्हणून, असं दोघांनी धरून ठेवलं होतं.

"आमाला कुठनं ठावं असंल, काकी," अलका अगदी हळू म्हणाली. "आमी हितं कदी हुतो का?"

 भानुदास तडक ओसरीवर गेला. भिंतीला उभं केलेलं कोपीचं ओझं त्याने आडवं केलं. आढ्यात खोचलेला कोयता काढला आणि सुतळीवर एक घाव घातला. वळकटी सुटली. चटया अंगणात पसरल्या. आमच्या विहिरीशेजारच्या त्या चटया मी ओळखल्या. एका कोपऱ्याला माझ्याच जुन्या पडद्याचं ठिगळ होतं.

"अहो," अलका म्हणाली, "कापू नका. जायाची येळ आली तर?"

 त्याने दाराची रुंदी हाताने मापली, कोयत्याने चटई सरळ कापली. उसाचा बुडखा तोडावा तसे सपासप घाव. बांबू रोवले. दारापुढे वळसा घालून एक आडोसा उभा राहिला, म्हणजे माणूस आत येईल, वारा येणार नाही. ज्या बाईने डबा डोक्यावर घेतला होता तिने तो खाली ठेवला आणि बांबू धरायला पुढे आली. मी चटईला काथ्याचे टाके घातले. पेरूच्या बागेत झापं बांधून बांधून माझा हात बसलेला आहे, तेवढंच मला जमण्यासारखं होतं. तात्या बसल्या जागेवरून सांगत होते, "खालून फट ठिऊ नका. खालूनच शिरतो तो." आता त्यांना सगळे विचारत होते आणि ते फारच खूश होते.

गिरण पुन्हा चालू झाली. पीठ सरळ डब्यात पडलं.

मी काशी पाहिलेली नाही. पण त्या वेळी डब्यात पडणारं ते ऊन ऊन करडं पीठ बघताना माझे हात आपोआप जोडले गेले. बायका डबे पुढे सरकवत होत्या, अलका सूप आपटत होती, तिचं तोंड पुन्हा चालू झालं होतं. दुपारी लाईट गेली तेव्हाच गिरण थांबली. आम्ही भोगीचं जेवण जेवलो ते तिसऱ्या प्रहरी. तीळ लावलेली भाकरी, वांगं, गाजर, पावटा, हरभरा यांची एकत्र भाजी, वर लोण्याचा गोळा. भानुदास चार भाकरी जेवला आणि म्हणाला, "अशी भोगी असती व्हय."

संक्रांत

दुसऱ्या दिवशी वाडीत हळदीकुंकू होतं. घरी राहिलेल्या बायका पहिल्यांदाच आपल्या वाडीवर संक्रांत करत होत्या आणि कसं करायचं ते मला विचारत होत्या. सुगडात काय घालायचं ते मी सांगितलं: हरभऱ्याचे घाटे, गाजर, बोरं, गव्हाची ओंबी, उसाचं कांडं. ऊस म्हटल्यावर सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. कोरडवाहू वाडी, इथे ऊस कुठला? शेवटी भानुदास पाथर्डीच्या बाजारातून कांडं विकत घेऊन आला. अलकाने ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलं.

"जलमभर तोडला," ती म्हणाली, "आन् आज इकत आनला." मग ती हसायला लागली, आणि सगळ्याच बायका डोळ्यांना पदर लावून हसायला लागल्या. मी त्यांच्यात हसत होते, पण आमच्या शेतातून येताना मला एक कांडं आणायचं सुचलं नाही, पेरू सुचले, याचं मनात मला चांगलंच वाईट वाटलं.

मुकादम दुपारी आला, मोटारसायकलवरून. मी त्याला दरवर्षी आमच्याकडे बघते. बरा माणूस आहे. त्याने मला इथे पाहिलं आणि डोळेच विस्फारले. अलकाने त्याच्या हातावर तिळगूळ ठेवला.

"मंग, भानुदास? काय ठरलं?"

भानुदास त्याला गिरणीकडे घेऊन गेला. आम्ही बायका अंगणातूनच ऐकत होतो. अलका हातातल्या कुंकवाच्या करंड्याचं झाकण उघडत होती, लावत होती.

मुकादमाने आडोशाला हात लावला. "ही तर कोपीची चटई."

"व्हय."

"आरं, मंग फडावर ऱ्हाशील कशात?"

"म्हनून तर कापली," भानुदास म्हणाला.

 मुकादमाने हातातला तिळगूळ तोंडात टाकला आणि सावकाश खाल्ला. "माझ्या घरीबी आज सुगडं पुजली असत्याल," तो म्हणाला. "मीबी कदी पायली न्हाईत." त्याने पाणी मागितलं, प्यायला, तात्यांच्या पाया पडला आणि गाडीला किक मारून निघाला. दुसरा कोयता त्याला कुठेतरी मिळेलच. ती जोडी कोण असेल, हे माझ्या मनातून अजून जात नाही.

मी त्याच दिवशी निघाले. अलका मला बोरं भरून द्यायला झाडाखाली गेली. फांदी खाली ओढून ती एकेक बोर पिशवीत टाकत होती. मध्येच थांबली. हातातलं बोर तिने पदराला पुसलं, ओसरीवरच्या रिकाम्या भिंतीकडे एकदा पाहिलं आणि ते तोंडात टाकलं.

कविता, भानुदास, मी, आम्ही तिघंही तिच्या तोंडाकडे बघत उभे. तिने डोळे मिटून घेतले. मग तिचं सगळं तोंड वाकडं झालं.

"अगं बाई," ती म्हणाली, "किती आंबट हाय हे."

आणि तिने दुसरं तोडलं.